दारापुढची जागा

वीरण्णा दारापुढची मोटारसायकल ढकलत होते, तेव्हा खिशातला फोन वाजला. गाडीचं हँडल लॉक होतं. मागचं चाक उचलून ती वीत-वीत सरकवावी लागत होती. बायको, सिंधु, चार दिवस नांदेडला बहिणीकडे गेली होती आणि दुपारच्या एसटीनं लातूरला पोचणार होती. तिला दार मोकळं दिसायला हवं होतं. त्यांनी गाडी नालीच्या कडेला लावली आणि मग फोन घेतला. मेहुणी बोलत होती. सिंधु सकाळी न्हाणीत पडली, ती उठलीच नाही.

"हाव," वीरण्णा म्हणाले. "निघतो."

फोन खिशात ठेवून त्यांनी दुसरीही गाडी बाजूला केली.

गल्लीच्या तोंडाशी तीन क्लासेस होते. सकाळी सहाच्या बॅचपासून पोरांच्या गाड्या दारादारांत लागायच्या. सिंधु होती तोवर या दारापुढं लावायची कुणाची टाप नव्हती. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपाच्या रात्री तिच्या वडिलांच्या दाराला बैलगाडी टेकवून ठेवलेली होती. ढिगारा उपसला तेव्हा ते उंबऱ्यावर सापडले, गाडीच्या आड. त्यानंतर सिंधुनं दारापुढं साधी खुर्चीही ठेवू दिली नाही. लेकीच्या लग्नात मांडवाचा खांब तिथं आला, तर तो उपटायला लावला.

दिवसकार्य झालं आणि पंधरवड्यात गाड्या पुन्हा दाराला भिडल्या. वीरण्णा दर अर्ध्या तासाला उठून बाहेर यायचे. डाळमिलमध्ये नोकरीला असताना मशीन ऐकत उभं राहायची सवय होती, तसे दाराशी उभे राहायचे. शेवटी कुणीतरी सांगितलं, राहणाऱ्यांना पार्किंगचा पास मिळतो. ते वॉर्ड ऑफिसात गेले.

खिडकीत मुबश्शिरा नावाची मुलगी होती. तिनं अर्ज वाचला.

"काका, गाडीचा नंबर न्हाई लिहिला."

"गाडी न्हाई माझ्याकडं."

"मग पास कशाचा देऊ?"

"जागेचा. तिथं कुणी लावू न्हाई म्हणून."

ती हसणार होती, पण त्यांच्या तोंडाकडं बघून थांबली.

"रिकाम्या जागेचा पास न्हाई निघत, काका. घरात कुणाचीतरी गाडी असंल की. तिचा नंबर टाका. आमचा माणूस फोटो काढायला येईल, तेव्हा गाडी दारापुढं उभी पाहिजे."

माडीवर तय्यबभाई भाड्यानं राहत होते. शिवणकाम करायचे. त्यांची जुनी स्कूटर रोज दुकानापाशीच असायची.

"बारा वर्षं भाभीनं दाराला लावू न्हाई दिली," तय्यबभाई म्हणाले. "भर पावसात दुकानापासून चालत आलो मी. अन् आता तुम्ही सरकारी कागद करून लावायला सांगून राहिलात?"

"फोटोपुरती."

"फोटोपुरती कशी? जागा रिकामी दिसली की पोरं घुसणार. पास कोण वाचतंय इथं? रोजच उभी करावी लागंल, अण्णा."

वीरण्णांनी स्कूटरचा नंबर लिहून घेतला.

सोमवारी माणूस आला. स्कूटर अगदी दाराला चिकटून हवी, म्हणजे घरनंबर फोटोत येतो, असं म्हणाला. तय्यबभाईंनी ती पुढं घेतली. फोटो झाला. त्या माणसानं पाणी मागितलं. आत जायला वीरण्णांना अंग आडवं करावं लागलं. सदऱ्याचा खिसा ब्रेकच्या दांडीत अडकला. त्यांनी तो सोडवला नाही. एक पाय उंबऱ्यावर, एक बाहेर, असे ते उभे राहिले.

"अण्णा," तय्यबभाई हळूच म्हणाले. त्यांनी खिसा सोडवला आणि स्कूटर मागं ओढून दुकानाकडं नेली.

आठवड्यानं मुबश्शिराचा फोन आला.

"काका, पास तयार हाय. घेऊन जा."

"येतो," वीरण्णा म्हणाले. दोनदा ते निघालेही. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडाशी बॅच भरताना दिसली आणि ते गाड्या सरकवायला परत फिरले.

महिना झाला. पास आणायचा राहिला आहे.