माघातली हलकी गोगलगाय

“आधी तू जेव गो, मगे पोराक घे,” शेजारच्या द्वारकामामी इराच्या जन्मापासून, दिवाळीपासून सांगत होत्या. शलाका हसायची. “जेवते हो मामी, आत्ता जेवते.” आणि ताटातला भात तसाच थिजून जायचा.

आता माघ होता. नीलनिवांत, नितळ माघ. अमावास्येची ओहोटी दूर क्षितिजाच्या कुशीत सरकली होती आणि सागराने मागे सोडलेला शेवाळश्यामल कातळ कोवळ्या उन्हात मंद मंद उजळत होता.

कपारीकपारींत गोगलगायींच्या अंड्यांचे पुंजके. मेणपिवळे, मोतियाळ. जणू समुद्राने आपली स्वप्नं दगडाला बिलगवून ठेवली होती.

शलाकाला हे सारं ठाऊक होतं. एम.एस्सी.च्या वर्षी तिनेच वहीत लिहिलं होतं: गोगलगाय महिनोन्‌महिने खाते, शंखाच्या आतल्या वळणात पुंजी साठवते, मग ऋतू येतो, आणि ती पुंजी अंड्यांत ओतून ती रिती होते.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर आता इराच्या दुधाच्या वेळा होत्या. आणि चार दिवस झाले, प्रत्येक वेळेपुढे एकच शब्द. अपुरं. अपुरं. अपुरं.

मामींसोबत कातळावर येऊन बसलेल्या शलाकाच्या पदराआड इरा रडत होती. लाटेसारखी उसळून, लाटेसारखी ओसरून.

मामींनी कातळावरची एक गोगलगाय उचलली. तळव्यावर तोलली, सोन्याचा कण तोलावा तशी. मग अलगद कपारीत परत ठेवली.

“ही हलकी झाली हा. अंडी घातल्यान. खावंदे तिका.”

आणि तोच ओला, खारा तळवा शलाकाच्या मनगटाखाली आला. तोलत राहिला. मनगटातली हिरवी बांगडी सरसरत कोपरापर्यंत गेली.

मामींनी इराला खांद्यावर घेतलं, सोबत आणलेल्या डब्यातली पेज पुढे सरकवली आणि शलाकाच्या पिशवीतून डोकावणाऱ्या वहीकडे बोट केलं. “इतक्या शिकलंस ना? मग सांग, त्या वहीत तुझा नाव खंय हा?”

शलाकाचे डोळे भरून आले. ती जेवली. कोमट, तांबूस पेज. घासामागून घास, लाटेमागून लाट. दूरवर पाणी पुन्हा किनाऱ्याकडे वळत होतं.

तुमच्याही आळीत कुठल्याशा दोरीवर इवली दुपटी वाळत असतील. जा तिथे. बाळ गोड आहे, ते मागाहून बघा. आधी त्या आईचं मनगट हातात घ्या. ती म्हणेल, ‘जेवते हो, आत्ता जेवते.’ तुम्ही उठू नका. तिचं ताट रिकामं होईपर्यंत बसून राहा. भरतीची वाट पाहत कातळ बसतो तसे, शांत, ओले, अढळ.