माझ्या नाकाखालून गेलेला दात

त्या दिवशी ऊन होतं, पण मळकं. सकाळपासून वारा सुटला होता आणि दगड फोडायच्या यंत्राची पांढरी धूळ पार वर चढली होती. बघणाऱ्याला वाटावं, धुकं पडलंय. मला मात्र वाटत होतं, माझाच दरारा पसरलाय.

मी चुंबक बोलतोय. काळा, चौकोनी, पाटाएवढा. सरकत्या पट्ट्यावर साखळीनं टांगलेला. खालून दगड जायचे ते जबड्यात, म्हणजे त्यांचा चुरा करणाऱ्या दोन जाड पोलादी पाट्यांमध्ये. दगडांबरोबर खिळा, नट, तुटकी सळई आली की मी ती वरच्या वर उचलायची. एवढंच काम. पण तोरा असा, की यंत्र माझ्यामुळंच चालतंय.

शिक्षण म्हणाल तर भट्टीत भाजलो तेवढंच. मग विजेच्या एका झटक्यानं अंगात ओढ शिरली आणि दोन टोकं मिळाली, एक उत्तरेचं, एक दक्षिणेचं. डोकं मात्र दोन्हीकडं नव्हतं.

यंत्र चालवणाऱ्या मिस्त्रीचा माझ्यावर भारी जीव. जबड्याच्या तोंडाशी वाकून तो अडकलेले दगड पहारीनं ढकलायचा. संध्याकाळी माझ्या पोटाला चिकटलेले खिळे खरवडताना म्हणायचा, "हा आहे तोवर घोर नाही."

त्याची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का, माझ्या पुढं पट्ट्याजवळ उभी राहून मुळ्या आणि मातीची ढेकळं वेचायची. ती म्हणायची, "एवढं डोक्यावर नको घेऊस त्याला."

"टांगलायच डोक्यावर, अक्का!"

हे ऐकून मी फुगायचो. चुंबक फुगत नाही म्हणतात, मला विचारा.

तर त्या धुळीच्या दिवशी लोडरवाला धावत आला. खाणीतले दगड आणून ओतणारी गाडी त्याची. तिच्या दगड भरायच्या लोखंडी सुपाला पुढं पोलादी दात असतात.

"मिस्त्री, सुपाचा एक दात गेलाय! पट्टा थांबव."

मिस्त्रीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. माझं पोट रिकामं.

"दात पोलादाचाच ना?"

"मग काय लाकडाचा?"

"मग पट्ट्यावर आलेला नाही. आला असता तर यानं धरला असता. जा, खाणीत शोध."

"अरे, पण एकदा बघून तरी..."

"तुझ्यापेक्षा याचा भरवसा आहे मला."

मी तर हवेतच होतो, आणखी वर कुठं जाणार! आणि नेमका तेव्हाच, मातीनं लडबडलेला तो दात दगडांत लोळत माझ्या नाकाखालून गेला. मला काही म्हणता काही वाटलं नाही. अंगावर साधा काटासुद्धा आला नाही.

कारण मला पुढं कळलं. त्या दातात मँगनीज होतं. पोलादात हा धातू थोडा घातला तर पोलाद बळकट होतं, आणि ते मी धरतो. भरपूर घातला की मात्र त्याचा स्वभावच पालटतो. जितका मार खाईल तितकं ते वरून कठीण होत जातं. म्हणून सुपाचे दात त्याचे, जबड्याच्या पाट्याही त्याच्याच. आणि असं पोलाद चुंबकाला विचारत नाही. मी ज्या जबड्याची राखण करत होतो, तोच मला कधी चिकटला नसता. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसं माझं.

दात जबड्यात गेला असता तर फुटला नसता. उसळून वर आला असता, आणि वर मिस्त्रीचं तोंड होतं.

अक्कानं ढेकूळ समजून त्याला हात घातला. ढेकूळ उचलेना. तिनं दुसऱ्या हातानं थांबवायची दोरी ओढली. पट्टा थांबला तेव्हा दात भावाच्या पहारीपासून हातभर अंतरावर होता.

मिस्त्रीनं तो दात पुसून माझ्या पोटाला लावला आणि हात सोडला. थप्पकन खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग तो तिथंच धुळीत बसला.

"हा खोटारडा निघाला, अक्का."

"तो कुठं काय बोलला होता? 'नाही' तू म्हणालास."

लोडरवाल्यानं दात उचलला आणि तो गाडीकडं चालू लागला.

तेव्हापासून सुपाचे दात हातानं चाचपल्याशिवाय पट्टा सुरू होत नाही. मीही टांगलेला राहिलो. खिळे कुणी धरायचे? पुढं एकदा साखळी निसटून आपटलो आणि कोपरा तुटला. गंमत अशी, की त्या कोपऱ्यालाही लगेच उत्तर-दक्षिण फुटली! चुंबक तुटला तर दोन चुंबक होतात, ऐटही दुप्पट. तो कोपरा अक्कानं घरी आणला, तोच मी. मोठा तिकडं म्हणत असेल, खरा तो मीच. म्हणू दे.

आता मी अक्काच्या खिडकीच्या गजाला चिकटून असतो. कात्री धरतो, डब्याचं झाकण धरतो. पितळी घंगाळ पुढ्यातच असतं. मी ओळख दाखवत नाही, तेही दाखवत नाही.

परवा शेजारीण आली. ती गाद्या शिवते. सुया आणि पितळी टाचण्यांची डबी गादीवर लवंडली होती, आणि त्याच गादीवर नातीला निजवायचं होतं.

अक्का म्हणाली, "ने त्याला. पण नुसता त्याच्यावर विसंबू नकोस."

मी गादीवरून फिरलो. सुया पटापट पोटाशी आल्या. टाचण्यांचं मला काही कळेना, आणि सांगायला तोंड नाही. पोट भरलेलं बघून बाई आता गादी अंथरते की काय, या भीतीनं मी गार पडलो.

तिनं मला उशाशी ठेवलं, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "बाबा रे, तुला कळल्या तेवढ्या तू धरल्यास. राहिलेल्या मी चाचपून बघते."