उतारावरची माती

डोळे मिटा बघू क्षणभर. एक टेकडी डोळ्यांपुढे आणा. फार उंच नको, तुमच्या शाळेएवढीच. तिच्या उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा आहेत. मातीत पांढरे चुनखडीचे खडे आहेत, ते दिवसभर ऊन पितात आणि रात्री वेलींना ऊब देतात. वरच्या रांगेतलं द्राक्ष खालच्यापेक्षा वेगळं लागतं. आता पाऊस पडू द्या. काय होईल? माती वाहून खाली येईल. मग हिवाळ्यात ती पाठीवरच्या टोपलीत भरायची आणि पुन्हा वर न्यायची. फ्रान्समधल्या एका कुटुंबात पणजोबांपासून हेच चाललं होतं. त्यांची वाइन त्या मातीचीच होती.

त्या घरातले धाकटे ल्युक मात्र आयर्लंडमध्ये, नास गावात राहत. तरुणपणी एका आयरिश मुलीशी लग्न करून ते इथे आले आणि त्यांनी जन्मभर गोदामात खोकी उचलली. आता बायकोही नव्हती. मागच्या अंगणाच्या उतारावर त्यांनी एकच द्राक्षवेल लावली होती. नासच्या उन्हात तिची द्राक्षं कधी गोड झाली नाहीत. तरी दर हिवाळ्यात ते कुंपणाशी साचलेली माती बादलीतून वर नेत.

शेजारची भार्गवी शाळा सुटली की त्यांच्याकडे थांबे, तिची आई अस्मिता लिक्सलिप गावातल्या कामावरून येईपर्यंत. दोघं इंग्रजीत बोलत. आपण ते मराठीत ऐकू.

"यंदा बादली नाही, ल्युक आजोबा?"

"गुडघा संपावर गेलाय, बाईसाहेब."

तेवढ्यात फोन वाजला. फ्रान्सहून थोरले भाऊ मार्सेल बोलत होते. मळा एका कंपनीला विकायचा होता. मार्सेल तयार होते. ल्युकच वर्षभर नाही म्हणत होते. आज त्यांनी मार्सेलचं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "वी."

वी म्हणजे हो, हे भार्गवीला त्यांनीच शिकवलं होतं.

"मळा विकला?"

"विकला."

"पण तुम्ही तर नाही म्हणणार होता!"

"मार्सेलची पाठ गेली गं. मी इथे बसून नाही म्हणायचं आणि टोपली त्यानं उचलायची, असं किती दिवस?"

"मग कंपनी नेईल ना माती वर?"

"त्यांना खालची सपाट जमीन हवीय. उतार सोडून देणार आहेत."

"मग काय होईल?"

"पाऊस आहेच की," ल्युक म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दारावरची बेल वाजली. अस्मिता आत आली ती बोलतच. "बूट बघ तुझे! मला वाटलं, फ्रेंच शेजारी आहे तर कार्टी चार शब्द फ्रेंच शिकेल. ही शिकली चिखल!"

"मम्मी, वेट."

अस्मिताचं लक्ष ल्युककडे गेलं आणि तिचा आवाज खाली आला. "बरं आहे ना सगळं?"

"ग्रँड," ते म्हणाले. ग्रँड म्हणजे छान चाललंय; काहीही झालं तरी इथली माणसं हेच म्हणतात.

भार्गवी मागच्या दारानं बाहेर पडली. पाऊस भुरभुरत होता. कुंपणाशी साचलेली माती तिनं हातांनीच बादलीत भरली. बादली उचलेना. मग तिनं अर्धी माती परत ओतली आणि उरलेली घेऊन उतार चढू लागली.