झोपलेल्या राजकन्येची ड्युटी

मिलिंदसरांना आता कोणाच्या हातापाया पडायचं त्राण उरलं नव्हतं. चोपन्न वर्षांचा माणूस. दिवसभर शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायचे आणि संध्याकाळी कामतघरच्या समाजमंदिरात तालमी घ्यायच्या. वडिलांची गायन पार्टी होती. वडिलांचा गळा सरांकडे आला, पार्टी काही आली नाही. पेटीवाला म्हातारा झाला आणि ढोलकीवाला डीजेच्या टेम्पोत चढून गेला. तरी जित्याची खोड! पंधरा वर्षं डोक्यात घोळत असलेलं संगीत नाटक त्यांनी एकदाचं उभं केलं. नाव ठेवलं 'आटपाट नगरात संप'.

लहानपणी ऐकलेल्याच गोष्टी, पण उलट्या टांगलेल्या. नावडती राणी ह्यात रडत बसत नाही, आवडतीला हाताशी धरून राजाची चूल बंद करते. राक्षसाचा जीव पोपटात नसतो, सातबाऱ्यात असतो. आणि शेवटी झोपलेली राजकन्या. शंभर वर्षं झोपलेल्या तिला राजपुत्र गाणं म्हणून उठवतो, ती उठते आणि आपलं मोठं गाणं गाते, की आता मी जागी झाले, मला कोणाची गरज नाही. ते गाणं सरांनी वडिलांच्या चालीवर बांधलं होतं. बाकीचं नाटक गेलं खड्ड्यात, त्या गाण्यावर त्यांचा जीव होता.

आज रविवारी चार वाजता ठाण्याच्या एका संस्थेच्या बाई प्रयोग बघायला येणार होत्या. पसंत पडला तर ठाण्याच्या मोठ्या थिएटरात प्रयोग. नाही पडला तर पेटी कायमची माळ्यावर, असं सर बायकोला बोलून बसले होते. आणि बायको विसरणाऱ्यातली नव्हती.

साडेतीन वाजले तरी राजकन्येचा पत्ता नाही. राजकन्या म्हणजे दीक्षा, कशेळीच्या गोडाऊनमध्ये रात्रपाळीला माल स्कॅन करणारी. सकाळी सुटायची ती बदलीची मुलगी आली नाही म्हणून दोनपर्यंत अडकली, मग रस्त्यात कंटेनरांच्या रांगेत अडकली. आली तेव्हा डोळे लालभडक. मागोमाग तिची आई शेवंताबाई डबा घेऊन आली. ती जवळच्याच यंत्रमागाच्या शेडमध्ये लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची.

"सर, काल दुपारपासून पोरीचा डोळ्याला डोळा न्हाय," शेवंताबाई म्हणाली. "जरा बघा काहीतरी."

"वहिनी, दीड तासाचा प्रश्न आहे. मग घेऊन जा तिला."

"आई, जाऊन बस तू," दीक्षा मुकुट डोक्यावर दाबत म्हणाली. "मला झोपायचंच तर काम हाय!"

सगळे हसले. सरही हसले, आणि तिथंच फसले.

कारण एक मोठी चूक त्यांनी आधीच करून ठेवली होती. ढोलकीवाला नाही, मग ताल कुठून आणायचा? सरांनी शेवंताबाईच्याच शेडमध्ये जाऊन चोवीस लूमचा खटखटाट मोबाईलवर घेतला आणि शंभर वर्षांच्या झोपेखाली तोच लावला. ठाण्यामुंबईच्या माणसाचं त्यानं डोकं उठलं असतं. पण कामतघरचं पोर पाळण्यात अंगाई ऐकत नाही, लूम ऐकतं. चाळीच्या भिंतीला भिंत लावून शेड असते. खटखट चालू असली की गाढ झोप, आणि लाईट जाऊन लूम थांबली की सगळी चाळ दचकून जागी. हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. नाटकाच्या नादात सुचलं नाही, एवढंच.

नावडतीचा संप चांगला झाला, राक्षसाला टाळ्या पडल्या. ठाण्याच्या बाई पहिल्या रांगेत वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग दीक्षा पलंगावर आडवी झाली, सरांनी विंगेतून लूमचा आवाज सुरू केला आणि राजपुत्र आला. राजपुत्र म्हणजे सुमित, एरवी रिक्षा चालवणारा. त्यानं गळा मोकळा सोडून उठवणीचं गाणं म्हटलं. राजकन्या उठेना. त्यानं ध्रुवपद पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा म्हटलं. लाकडी तलवारीनं हळूच ढोसलं. मग विंगेकडे बघितलं, तेव्हा सर पुढे वाकून बघायला लागले.

दीक्षा खरीच झोपली होती. तोंड उघडं, मुकुट कानावर घसरलेला, एक हात पलंगाखाली लोंबतोय. कित्येक महिन्यांची झोप त्या चेहऱ्यावर गोळा झाली होती. सरांना वाटलं, झोपू दे बिचारीला. खरंच वाटलं. पण तेवढ्यात ठाण्याच्या बाईंनी घड्याळ बघितलं. सरांना माळा दिसला, माळ्यावरची पेटी दिसली, आणि त्यांनी बटण दाबलं.

लूम थांबली.

दीक्षा ताडकन उठून बसली. हात उशाशी स्कॅनचं मशीन शोधायला लागला. "झोपले नव्हते सर! नुसते डोळे मिटले होते. खाडा मांडू नका सर, माझं टार्गेट झालंय, मी उभीच होते!"

हॉलमध्ये हशाचा स्फोट झाला. मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्यांनी समाजमंदिर डोक्यावर घेतलं. दीक्षानं समोर बघितलं, सुमितला ओळखलं, उठून उभी राहिली आणि बसक्या आवाजात ते मोठं गाणं म्हणून टाकलं. शेवंताबाई मात्र हसली नाही. मांडीवर डबा घेऊन विंगेकडे बघत राहिली.

प्रयोग संपल्यावर ठाण्याच्या बाई सरांचा हात सोडीनात. "तुमची निवड पक्की समजा! काय लिहिलंय हो ते वाक्य! शेवटचं गाणं थोडं जुनाट आहे, ते कापलंत तरी चालेल. पण वाक्याला हात लावायचा नाही."

पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते पदरात पडलं, आणि सरांना नुसती लाज वाटली. वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं. पोरगी झोपेतून दचकून 'सर' म्हणाली, ते गोडाऊनच्या सुपरवायझरला. पण बटण दाबणारा सर कोण होता? फरक एवढाच, की तो पगार तरी देतो.

स्टेजमागे दीक्षा भिंतीला टेकून भाकरी खात होती. सरांनी निवडीचं सांगितलं, वाक्याचं सांगितलं.

"कुठलं वाक्य?" तिला काही आठवतच नव्हतं. सरांना ते तिच्यासमोर म्हणून दाखवावं लागलं, खाड्यासकट. तिचा घास हातातच राहिला.

शेवंताबाई म्हणाली, "लूम तुम्हीच बंद केलीत ना सर?"

"हो वहिनी. मीच."

"वाटलंच मला. लाईट गेली असती तर पंखे बी थांबले असते."

सर खाली बसले. पाय दुखत होते, सगळंच दुखत होतं. "चुकलं माझं. मी कळवतो बाईंना, नाही जमणार म्हणून. रोज तुला तेच बोलायला लावू का मी लोकांपुढे?"

"नाही कशाला कळवता?" दीक्षा म्हणाली. "गोडाऊनला रोजच बोलते, तिथं कोण टाळ्या वाजवत नाही. ठेवा की. पण पुढचं गाणं मी नाही म्हणणार."

"का गं?"

"खोटं वाटतं सर. रात्रपाळी करून आलेली बाई उठल्या उठल्या एवढं मोठं गाणं गाईल का? सुपरवायझर गेला की ती परत झोपेल."

 सरांना वडील आठवले, वडिलांची चाल आठवली. मग त्यांनी वही काढली आणि गाण्यावर आडवी रेघ मारली. मारताना डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

"मग पडदा कधी पाडायचा?"

"मी झोपले की."

"आणि राजपुत्र पुन्हा उठवायला आला तर?"

 दीक्षाचे डोळे मिटत चालले होते. शेवंताबाईनं तिच्या हातातली उरलेली भाकरी काढून घेतली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं.

"मला बसवा तिथं दारात," शेवंताबाई म्हणाली. "राजाचा पोर असू दे नायतर तुम्ही. बघते कोण उठवतो ते."

सरांनी पात्रांच्या यादीत खाली एक ओळ वाढवली: राजकन्येची आई.