सहा रॉकेटं आणि एक दोरी

प्रात्यक्षिकाची वही आपण सगळ्यांनीच भरलेली आहे. आठवून बघा जरा. लंबकाला हात लागायच्या आधीच त्याचं रीडिंग वहीत जाऊन बसलेलं असायचं. कुणी ताईच्या जुन्या वहीतून उतरवायचं, कुणी शेजारच्या बाकावरून. सरांनी "उत्तर जुळलं का?" विचारलं, की आपण एका सुरात "जुळलं" म्हणायचो. लंबक कपाटात धूळ खात बसायचा आणि आपण पास व्हायचो.

नववीला विज्ञान शिकवणाऱ्या या गोष्टीतल्या बाईंच्या प्रयोगशाळेत हेच चालायचं, आणि गेली एकोणीस वर्षं चालत होतं. बाई कामचुकार होत्या असं मुळीच नाही. घसा बसेपर्यंत शिकवायच्या. पण वर्गात बेचाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, आणि धड चालणारी स्टॉपवॉच तीन. मग बाईंनी एक सोय करून ठेवली होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखायची आणि तिच्यात 'अपेक्षित उत्तर' लिहून टाकायचं. मुलं हुशार, बरोबर त्या आकड्याच्या आसपास येऊन थांबायची. वह्या सुबक दिसायच्या. तपासणीला आलेले साहेब दर वर्षी पानं उलटून मान डोलवायचे, आणि बाईंनाही ते गोड वाटायचं.

त्या वर्षी हेडसरांनी छोट्या रॉकेटचा उपक्रम आणला. पुठ्ठ्याची नळी, पुढे प्लॅस्टिकचं नाक, मागे हलक्या लाकडाचे तीन पंख, पोटात घडी घातलेलं पॅराशूट आणि शेपटाशी बोटाएवढं तयार इंजिन. लांब उभं राहून बटण दाबलं की ते सुळकन आभाळात. मुलं नुसती हरखून गेली. 'बल आणि गती' म्हटलं की जांभया देणारी पोरं मधल्या सुट्टीत कात्री आणि गोंद घेऊन बसायला लागली. घंटा वाजल्यावर वर्गातून मुलांना हाकलावं लागतंय, हे बाई एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच अनुभवत होत्या.

सात-सात मुलांचे सहा गट झाले. बाईंनी पुस्तकातली पंखांची आकृती आणि सूचनांचं पान झेरॉक्स करून आणलं आणि गटागटाला वाटलं. शनिवारी सकाळी मैदानावर उड्डाण ठरलं, पालकांना चिठ्ठ्या गेल्या. शुक्रवारी दुपारी एकच काम उरलं होतं, ते म्हणजे तपासणीचा तक्ता भरणं.

तक्त्यात बारा चौकटी होत्या. त्यातली अकरावी दोरीच्या चाचणीची. चाचणी तशी सोपी. इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाची रेतीची पुडी घालायची, रॉकेट जिथे तोललं जातं तिथे लांब दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते सरळ उडणार. शेपूट पुढे आलं तर हवेत गेल्यावर कुठेही वळणार. कुठेही म्हणजे अगदी कुठेही.

पाच गटांचे तक्ते दहा मिनिटांत हजर. बाराच्या बारा चौकटींत बरोबरच्या खुणा. सहाव्या गटाचा तक्ता तास संपता संपता आला, कारण तो 'सावकाश'च्या हातात होता.

सावकाश ही वर्गातली एक मुलगी. डबा सावकाश खायची, बूट सावकाश बांधायची, गणिताला हात घालण्याआधी पेन्सिलीचं टोक दोनदा तपासायची. वर्गाने तिला हे नाव देऊन टाकलं होतं आणि तिनेही ते निमूट घेतलं होतं. तिच्या तक्त्याच्या अकराव्या चौकटीत लिहिलं होतं, 'नापास. पाच वेळा फिरवलं. पाचही वेळा शेपूट पुढे.'

"हे काय गं?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. "पाच गटांचं बरोबर येतं आणि तुमचंच कसं चुकतं? उद्या लोक येणार आहेत. जा, नीट करून आण."

"परत फिरवून बघू, बाई?"

"फिरव नाहीतर फिरवू नकोस. तक्ता तेवढा नीट करून आण."

हे वाक्य बाई पुढे कधी विसरल्या नाहीत. पण त्या क्षणी ते तोंडातून सहज निघून गेलं, रोज निघायचं तसं.

शाळा सुटली. मुलं मैदानावर दुसऱ्या दिवसासाठी खुर्च्या लावत होती. सावकाश मात्र प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर तक्ता मांडीवर घेऊन बसली होती. हातात खोडरबर, आणि कागद जसाच्या तसा. तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. आई सरकारी दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपवून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली होती. लेकीचं ऐकून घेतलं आणि सरळ आत बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, भांडायला नाही आले हं," तिने आधीच सांगून टाकलं. "पोरगी मला विचारतेय, खरं लिहिलं तर मार्क जातात का? आता मला काय माहीत तुमच्या विषयातलं? म्हटलं, बाईंनाच विचारू."

बाई जरा वरमल्या. "तसं नाही हो सिस्टर. शाळेतला प्रयोग आहे. उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलांना सवय व्हावी म्हणून करून घ्यायचं, इतकंच."

"सवय होते, हे मात्र खरं," नर्स म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "मलाही होती. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात दर चार तासांनी ताप मोजून तक्त्यात लिहायचा. एक आजोबा दुपारी शांत झोपले होते. म्हटलं, कशाला उठवायचं? सकाळी नव्व्याण्णव होता, आताही तेवढाच असणार. लिहून टाकलं नव्व्याण्णव. अर्ध्या तासाने मोठ्या सिस्टर फेरीवर आल्या, कपाळाला हात लावला, तर एकशेचार! आजोबा वाचले हो. मला वाटलं, आता नोकरी गेली. सिस्टर रागावल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, हा तक्ता मला दाखवायला नसतो गं, त्या आजोबांसाठी असतो."

नर्सने टेबलावरच्या तक्त्यांकडे बघितलं. "माझ्या शाळेतल्या वह्या मात्र एकदम सुबक होत्या बरं का, बाई. सगळी उत्तरं जुळलेली."

बाईंनी मान वळवली. खिडकीतून मैदान दिसत होतं. मुलांनी खुर्च्यांच्या पुढे एक रांग बुटक्या बाकांची लावली होती. ती पहिलीतल्या चिमुरड्यांची. उद्या रॉकेटाकडे तोंड करून ती तिथे बसणार होती.

बाई तशाच उठून मैदानावर गेल्या आणि टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं.

"खरं सांगा, मी रागावणार नाही. अकरावी चौकट कुणी कुणी करून बघितली?"

गोट्या म्हणून एक बडबड्या होता, त्यानेच तोंड उघडलं. "बाई, कशी करणार? दोरी एकच होती. ती सावकाशकडे. तिने दुपारभर सोडलीच नाही."

दोन-चार जण हसले.

"मग खूण कशी केलीत?"

"नाक पुढे यायला पाहिजे, असं पुस्तकात लिहिलंय की. तेच अपेक्षित उत्तर," गोट्या अगदी निरागसपणे म्हणाला. "तुम्हीच तर सांगता."

दोरी एकच आहे हे बाईंना माहीत नव्हतं का? त्यांनीच तर कपाटातून काढून दिली होती. पाच तक्त्यांवर बरोबरच्या खुणा बघताना त्यांनाही प्रश्न पडला नव्हता. एका दोरीवर पाच रॉकेटं दहा मिनिटांत कशी फिरली, हे विचारायला एकोणीस वर्षं शिकवणारी शिक्षिका विसरली होती. मुलांना नावं ठेवायला तिला तोंडच नव्हतं.

"आणा सगळी रॉकेटं," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश, बाळा, ती दोरी घेऊन ये."

एकेक रॉकेट दोरीला बांधलं आणि फिरवलं. पहिल्याचं शेपूट पुढे. दुसऱ्याचं शेपूट पुढे. तिसऱ्याला मुलं हसायची थांबली. सहाच्या सहा नापास!

सहा गटांची एकच चूक कशी होईल? बाईंनी पट्टी मागवली. पुस्तकात पंखाची लांबी सात सेंटिमीटर होती. मुलांचे पंख भरले पाच. मग बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलं पानं हरवतात म्हणून झेरॉक्सवाल्याला त्यांनीच सांगितलं होतं, "दोन पानं एकाच पानावर बसवून द्या." नोट्स त्या नेहमी तशाच काढायच्या. त्याने इमानदारीने आकृती लहान करून बसवली होती. चूक मुलांची नव्हतीच. चूक बाईंची होती, आणि अख्ख्या वर्गात ती एका मुलीच्या हाताला लागली होती, कारण तिने खरोखर दोरी फिरवून बघितली.

हेडसर ऐकून हवालदिल झाले. "अहो बाई, दीडशे माणसं येणार उद्या. काय सांगायचं त्यांना? नाक कापलं जाईल आपलं."

"जे झालं ते सांगू, सर. मी सांगते."

शनिवारी मैदान भरलं. बाईंनी आकृतीचं सांगितलं, खोट्या खुणांचं सांगितलं, फळ्यावरच्या स्वतःच्या चौकटीचंही सांगितलं. "आज रॉकेट उडणार नाही," त्या म्हणाल्या. "उडालं असतं, तर या पहिल्या रांगेत शिरलं असतं की काय, मला माहीत नाही. माहीत नाही हेच खरं उत्तर आहे. काल या मुलीला मी खरं खोडायला सांगितलं होतं आणि तिने ते खोडलं नाही. तुम्हा सगळ्यांसमोर मी तिचे आभार मानते."

सावकाशने मान खाली घातली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायला घेतली. मागच्या रांगेत नर्सने पदराने डोळे टिपले. एक सुतारकाम करणारे वडील उठले आणि म्हणाले, "बाई, आलोच आहोत तर पंख कापूनच जातो ना." मग काय, खुर्च्या बाजूला सरकल्या आणि आई-वडील पोरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसले. त्या सकाळी एकही रॉकेट उडालं नाही, पण दुपारपर्यंत घरी जायला कुणी तयार नव्हतं.

पुढच्या शनिवारी सहा गटांकडे सहा दोऱ्या होत्या. एक रॉकेट तरीही नापास झालं. गोट्याचं. त्याने स्वतःच्या हाताने तक्त्यावर 'नापास' लिहिलं आणि ते बाजूला ठेवलं. बाकीची पाच एकामागून एक सरळ आभाळात चढली, वर जाऊन लाल पॅराशूटं उघडली आणि मैदानावर असा काही कल्ला झाला की पहिलीतल्या पोरांनी बाकावर उभं राहून उड्या मारल्या. बाईंना हुंदका आवरला नाही, आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

सोमवारी मुलांनी मोजलेल्या उंच्या घेऊन गट आले. कुणाची अडतीस मीटर, कुणाची एक्केचाळीस, सावकाशच्या गटाची एकतीस. बाईंनी सगळे आकडे फळ्यावर लिहिले.

"बाई, पण बरोबर उत्तर किती?" गोट्याने विचारलं.

बाईंनी उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. चौकट तिथे होती, रिकामी. त्यांनी डस्टर घेऊन तीही पुसून टाकली.

"मला काय माहीत?" त्या हसून म्हणाल्या. "मोजलंय तुम्ही. आता तुम्हीच मला शिकवा."

वाचकहो, आपणही रोज कसले ना कसले तक्ते भरत असतो. लिफ्टच्या तपासणीचे, पाण्याच्या टाकीच्या सफाईचे, औषधाच्या तारखांचे. खूण करायला एक क्षण पुरतो, आणि त्या खुणेच्या भरवशावर कुणाचं तरी लेकरू पहिल्या रांगेत येऊन बसतं. मुलांना खरं मोजायला शिकवायचं असेल, तर त्यांच्या हातात रॉकेट द्या. त्याला अपेक्षित उत्तर कळत नाही. आणि वर्गातली एखादी सावकाश 'नापास' लिहून आणेल, तेव्हा तिच्यावर रागावू नका. तिचे आभार माना, आणि तिच्याकडून दोरी घेऊन आपण स्वतः एकदा फिरवून बघा.