एकशे पंधराचा शाप

पिपलानीतल्या कारखान्याच्या वसाहतीत, मालतीकाकूंच्या क्वार्टरमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना लटकून माणसं आत डोकावत होती. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर आणि त्यामागे भगवी शाल पांघरलेले ऊर्जाचार्य. एक हात कॅबिनेटच्या पाठीवर, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटणारे.

"यंत्रातही प्राण असतो, माताजी," ते म्हणाले. "शुद्ध असेल तर टिकेल. दोष असेल तर... भोलेनाथ जाने. लावा बटण."

मालतीकाकूंनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि फाडकन आवाज झाला. कॅबिनेटच्या मागून धूर निघाला, जळका वास खोलीभर पसरला. बायका किंचाळल्या. ऊर्जाचार्यांनी डोळे सावकाश उघडले, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं. ठाऊक होतंच!

"घरात कर्त्या पुरुषाची ऊर्जा नाही," ते म्हणाले. "भार सोसणार कोण?"

मालतीकाकूंचे यजमान कारखान्यात होते, सहा महिन्यांपूर्वी गेले. क्वार्टर सोडायची मुदत जवळ आली होती. घरबसल्या छपाईसाठी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून पोट भरायचं, एवढ्यासाठी त्यांनी हे यंत्र घेतलं होतं. पहिलं काम शेजारच्या शोभाकाकूंच्या मुलीच्या पत्रिकेचं. यंत्राची शुद्धी करायला ऊर्जाचार्यांना घेऊन आल्या होत्या त्याही शोभाकाकूच.

शोभाकाकूंनी मजकुराचा कागद टेबलावरून उचलला. "रागावू नकोस हं मालती. मंगलकार्य आहे ना. हातगुण बघावा लागतो."

कागद पर्समध्ये गेला. पाठोपाठ आणखी दोघींनीही आपापलं काम परत मागितलं.

दाराशी उभ्या शारदाच्या कानशिलांत रक्त चढलं. ती भौतिकशास्त्राची एम. एस्सी. होती. काकूंचा हा कॉम्प्युटर तिनेच एकेक भाग निवडून जोडला होता. वीज पुरवणारं ते खोकं, एसएमपीएस, घेताना तर तिने दुकानदाराला भंडावून सोडलं होतं.

तिकडे ऊर्जाचार्यांनी झोळीतून 'सिद्ध' एसएमपीएस विकायला काढले होते. आणि ते हातात घेऊन जोखत होते कोण? तिचे बाबा, दिगंबरराव! आयुष्यभर कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवलेला माणूस.

"वजन बघ, शारदा! भरपूर लोखंड-तांबं आहे आत. तुझं खोकं म्हणजे नुसता पत्रा."

"बाबा, तुमचा ट्रान्सफॉर्मर सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची वीज हाताळतो, म्हणून तो एवढा जड. यातला हजारो हेलकाव्यांवर चालतो, तो लहानच असतो. यात बघायचं ते बारा व्होल्टवर किती अँपिअर देतो, आणि प्रोसेसर, डिस्क, पंखे मिळून खातात किती. किलोवर घ्यायला ही भाजी आहे का?"

"चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस."

बाबांनी एक घेतलं. त्यांचं पाहून त्यांच्या खात्यातल्या आणखी तिघांनी घेतलं.

शारदाने फुटलेलं खोकं घरी नेऊन उघडलं. फ्यूज काळा पडलेला, वीज साठवणारे दोन मोठे कपॅसिटर फाटलेले. तिने ते उलटं केलं आणि तिचा हात थांबला. मागच्या बाजूला नखाएवढं लाल बटण असतं, ते एकशे पंधराकडे सरकलेलं होतं. जोडताना तिने स्वतः ते दोनशे तीसवर पाहिलं होतं. त्यानंतर यंत्राच्या पाठीला हात लावला होता तो एकट्या ऊर्जाचार्यांनी.

पुढच्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं प्रवचन होतं. शारदा तसंच एक खोकं बसवलेलं कॅबिनेट आणि पडदा घेऊन गेली. सोबत मालतीकाकू. बायकांनी त्यांच्यासाठी जागा केली, पण अंग चोरून.

"महाराज, हेही काकूंचंच," शारदा म्हणाली. "दोष आहे का बघा."

ऊर्जाचार्य प्रसन्न हसले. हात मागे गेला. पुटपुटणं सुरू झालं, आणि मध्येच अडखळलं. अंगठा काहीतरी चाचपत राहिला. लाल बटणावर शारदाने चिकटपट्टीचे तीन वेढे दिले होते.

"आज मुहूर्त ठीक नहीं," ते म्हणाले.

"अंगठा पोचेना म्हणून मुहूर्त टळला वाटतं? काकू, लावा बटण."

काकूंनी बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. हॉलमध्ये कुजबुज उठली.

शारदाने वीज बंद केली, एसएमपीएस सोडवून बाहेर काढला, पट्टी सोलली आणि सगळ्यांना दाखवून लाल बटण एकशे पंधराकडे सरकवलं. मग खोकं अंगणात ठेवून त्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं, लांब वायर हॉलपर्यंत आणली आणि लोकांना मागे सरकवलं.

"शोभाकाकू, आता तुम्ही दाबा. काका इथेच बसलेत, खणखणीत. कर्त्या पुरुषाची ऊर्जा आहे ना?"

"मी कशाला, बाई?"

"महाराजांनी मालतीकाकूंना दाबायला लावलं, तेव्हा तुम्हाला हे सुचलं नाही."

शोभाकाकूंनी डोळे मिटून बटण दाबलं. फाडकन आवाज! घमेल्याखालून धूर आला.

"काही देशांत घरातली वीज एकशे पंधरा व्होल्टची असते. तिथे हे बटण एकशे पंधरावर ठेवतात, मग खोकं आत विजेचा दाब दुप्पट करून घेतं," शारदा म्हणाली. "आपल्याकडे मुळातच दोनशे तीस. त्याची दुप्पट झाली की कपॅसिटर फाटतात. सवाष्ण दाबो, विधवा दाबो, नाहीतर स्वतः महाराज दाबोत!"

मग तिने बाबांनी घेतलेलं सिद्ध खोकं पिशवीतून काढलं आणि स्क्रू सोडून झाकण उचललं. आत मूठभर वायरी, आणि तळाशी चिकटवलेला सिमेंटचा गोळा.

दिगंबररावांनी तो हातात घेतला. मग ते दाराकडे सरकणाऱ्या ऊर्जाचार्यांच्या वाटेत जाऊन उभे राहिले. "थांबा महाराज. पोलीस येईपर्यंत बसा."

शोभाकाकू पर्स उघडत मालतीकाकूंजवळ आल्या. "झालं गेलं विसर गं. पत्रिका तूच कर."

"करीन," मालतीकाकू म्हणाल्या. "पण माझ्या हातगुणाबद्दल जे चारचौघांत बोललात, ते खोटं होतं हे आधी चारचौघांत सांगा."

शोभाकाकूंनी मान खाली घातली. "खोटं होतं," त्या म्हणाल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "मोठ्यानं!" त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा मालतीकाकूंनी कागद घेतला.

शारदाचा राग मात्र उतरला नव्हता. "हा भामटा आज पकडला, उद्या दुसरा येईल," ती म्हणाली. "खोलीत अर्धा कारखाना उभा होता. यंत्र फुटलं, तर एकानेही यंत्राच्या मागे वाकून पाहिलं नाही. सगळ्यांनी बाईकडे पाहिलं. पुढच्या वेळी काही फुटलं, की आधी यंत्र बघा."