जावई उठेना

फ्रीजच्या दारावर चिकटवलेली पट्टी: जावयाला हलवू नये.

लाल तार गरम असते. लाली गेलेली तार थंड दिसते. नुसती दिसते.

"ताट धुतलंस की सोललंस?" घरी, आई.

रिकामं राहायला हवं ते रिकामं. भरायला हवं तेही रिकामं.

अति तिथे माती म्हणतात. इथे अति झालं आणि मातीसुद्धा उगवेना.

आता हे तुकडे जोडू. लोक या प्रयोगशाळेत पाणी, दूध, बाळांची पावडर पाठवतात आणि विचारतात, यात जंतू नाहीत ना? जंतू असले तर प्लेटमधल्या जेलीवर ठिपके उगवतात. पण काहीच उगवलं नाही, तर माल चांगला की जेलीच नासकी? म्हणून दर खेपेला एका प्लेटवर मुद्दाम जिवंत, निरुपद्रवी जंतू लावायचे. ते उगवले तरच बाकीच्या प्लेटांच्या रिकामेपणावर विश्वास ठेवायचा. हे जंतू फ्रीजमधल्या नळीत राहत. त्यांना वेळेवर खायला घाला, हवी तेवढीच ऊब द्या, धक्का लावू नका आणि काम काय करता ते विचारू नका. म्हणून सगळे त्यांना जावई म्हणत.

नव्याने लागलेल्या धाकटीच्या हातून हा जावई दोनदा उठला नाही. तीच नळी, तीच जेली घेऊन थोरल्या मॅडमनी लावला, तर सकाळी प्लेटभर पसरून बसलेला. म्हणजे खोट हातात.

"आणखी एकदा असं झालं तर तू नमुने घ्यायच्या खिडकीवर," मॅडम म्हणाल्या. "तिथे सगळं मेलेलं चालतं."

धाकटीने घरी जेवताना सांगून टाकलं, जावई मेला म्हणून.

"मारायची एवढी कसली घाई?" आई म्हणाली. "आधी आणू तर दे."

"आई, ते जंतू आहेत."

"बरं. स्वभावाने कसे आहेत?"

खरी गोष्ट अशी, की घरी ताटही पुन्हापुन्हा घासणाऱ्या धाकटीला बाहेरच्या घाणीची धास्ती होती. आपल्या हातून नको ते आत शिरलं तर? म्हणून जंतू उचलायची तार ती बर्नरवर लाल करी, पुन्हा लाल करी, वर आणखी एकदा. मग हवेतलं काही तारेवर बसायच्या आत झटकन नळीत.

तिसऱ्या खेपेला मॅडम पाठीशी उभ्या. हातातलं पेन टेबलावर टक टक. शेजारी म्हातारा फ्रीज नेहमीसारखा घुरघुरत होता. धाकटीने तार तापवली, नळीत घातली, आणि नेमका त्याच क्षणी फ्रीज दम खायला थांबला.

चर्र.

फोडणीत मोहरी पडावी तसा, पण अगदी बारीक आवाज.

मॅडमचं पेन थांबलं. "काय गं ते?"

फ्रीजचा आवाज म्हणून सांगता आलं असतं. धाकटीच्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"जावई भाजला, मॅडम," ती म्हणाली. "आधीचे दोघेही मीच भाजले असणार."

धाकटीने तार पुन्हा तापवली आणि ज्योतीजवळच हातात धरून उभी राहिली.

"आता काय?"

"थांबलेय."

"कशासाठी?"

"निवायला."

तार निवणं म्हणजे काही युग नव्हे, पण धाकटीला वाटलं आपली नोकरी तेवढ्यात म्हातारी होईल. फ्रीज पुन्हा घुरघुरू लागला. पेन मात्र गप्पच. मग तिने तार जेलीच्या कडेला टेकवून पाहिली. कान देऊन ऐकलं. आवाज नाही. तेव्हा कुठे नळीत.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरचं दार मॅडमनी उघडलं, पण प्लेट बाहेर काढायला धाकटीलाच लावली. जेलीवर सायीच्या रंगाचे गोल ठिपके, एकमेकांना खेटून.

"उठले," मॅडम म्हणाल्या. "खिडकीवर दुसरं कुणीतरी बघावं लागणार."

संध्याकाळी आईने दारातच विचारलं, "मग? कसे आहेत जावई?"

"मजेत. गर्दी करून बसलेत."

"आणि काम?"

"आई, जावयाला विचारतात का?"

नोकरीच्या मुलाखतीत, तुझा सगळ्यात मोठा गुण कोणता, असं विचारल्यावर धाकटीने सांगितलं होतं: धीर.